नंदी उठायला किती जोर लागतो

…तर नंदी वाकला, तो वाकलेलाच राहिला. काल गोष्ट इथंच अडली होती ना? अन्नपूर्णानं, म्हणजे आमच्या सूनबाईनं, जेवायला हाक मारली आणि तुम्ही सगळे पांगलात. नंदी बिचारा तसाच. आज त्याला उभा केल्याशिवाय मी कोणाला उठू देत नाही.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागून धरतो. आमच्या गावचा नंदी म्हणजे सागवानाचा मोठा लाकडी बैल, चार चाकांच्या गाड्यावर उभा. लहानू मिस्त्रीनं ऐन जवानीत घडवलेला. तिकडं सिंदी गावचे नंदी आमच्याहून उंच असतील, नाही म्हणत नाही. पण आमच्या नंदीचे डोळे पाहून एकदा खरा बैल हंबरला होता. ती गोष्ट वेगळी. तिच्यात शिरलो तर नंदी आजही उठायचा नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांचा तान्हा पोळा. लेकरं आपापले छोटे लाकडी बैल दोरीनं ओढत देवळासमोर येतात आणि मोठ्या नंदीच्या कपाळाला आपल्या हातानं गंध लावतात. मग घरोघरी फिरून बोजारा मागायचा, म्हणजे पोळ्याच्या खुशीचे पैसे. आधी गंध, मग बोजारा. हा क्रम मोडलेला मी पाहिला नाही.

आता नंदी उंच, लेकरांचा हात पोचत नाही, म्हणून शिडी लावायची. मागच्या वर्षी शिडी सरकली आणि लहानू मिस्त्रीचीच नात, काजल, खाली आली. हात मोडला. जुळला म्हणा नंतर, चांगला सरळ जुळला. पण पोळा समितीचे भैय्याजी घाबरले. त्यांनी सांगून टाकलं, "आता नंदी देवळामागच्या खोलीत. कुलपात. लेकरायनं जाळीतून पाया पडायचं."

भैय्याजींचं चुकलं असंही म्हणता येत नाही. पण लेकरं ती लेकरं. शाळेत जाता-येता काजलला म्हणायची, "तुह्यामुळं नंदी कोंडला." ती पोर मागच्या गल्लीनं घरी यायला लागली. तिचा आजा, ज्यानं नंदी घडवला तो लहानू, देवळाकडं फिरकेनासा झाला.

हे सगळं आमच्या नातसुनेनं ऐकलं. आणि मी जी गोष्ट सांगतोय ती खरं तर नंदीची नाहीच, तिची आहे.

वेदश्री समुद्रपूरची. वडील एसटीत कंडक्टर. सुट्टीच्या दिवसांत ती वडिलांच्या गाडीत बसायची आणि खिडकीबाहेर पाहायचं सोडून दाराकडं पाहत राहायची. एकदा विचारलं, "बाबा, हे दार लावाले किती जोर लागते?"

बाप म्हणाला, "कोण कोण लोंबकळलं हाय त्याच्यावर हाय, बेटा."

बाप विसरला, पण पोरीनं ते वाक्य सांभाळून ठेवलं. हे मला तिनंच सांगितलं. पुढं वर्ध्याला शिकली, नागपूरला शिकली, इंजिनिअर झाली, आणि माझ्या नातवाशी, रजतशी, लग्न होऊन इथं आली. रजत सेलूला बँकेत आहे.

घरात आली त्या दिवसाची गंमत ऐका. उंबरठ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं. नव्या सुना एक तर इतक्या लाजतात की माप हलतच नाही, नाही तर असा पाय मारतात की माप थेट देवघरात. आमची शेजारीण तर आपल्या सुनेच्या मापानं मांजर पळाल्याचं अजून सांगते. वेदश्रीनं मापाकडं नीट पाहिलं, पायाचा अंगठा टेकवला आणि हलकेच रेटलं. माप कललं, तांदूळ पसाभर सांडले, आणि माप आडवं होऊन तिथल्या तिथं थांबलं. अन्नपूर्णा माझ्या कानाशी म्हणाली, "मामंजी, ही पोरगी लय मोजूनमापून वागणारी दिसते."

"मंग वाईट काय हाय?" मी म्हणालो.

"वाईट नाई म्हणत. पण घरात एक तरी माणूस असं असलं की बाकीच्यायले धडकी राह्यते."

पोरीचं काम घरूनच. पुण्याच्या एका कंपनीत ती आहे, पण कंपनी तिकडं आणि ही आमच्या माजघरात. टेबल, खुर्ची, कम्प्युटर. अन्नपूर्णाला बरेच दिवस हे कामच वाटेना. शेजारणींना सांगायची, "दिवसभर खुर्चीत बसून एक लोखंडी हात वरखाली करत राह्यते. तो बी खरा नाई, चित्रातला."

एके दिवशी मीच जाऊन बसलो तिच्याशेजारी. पडद्यावर तो लोखंडी हात एक खोकं उचलून दुसरीकडं ठेवत होता. मी म्हणालो, "छान उचलते हा, पोरी."

"उचलणारच आबाजी. इथं काहीही उचलते. त्याच्यावर डोंगर ठेवला तरी उचलन."

"हे कसं काय?"

"कारण मी त्याले चाल सांगितली हाय. इथून असं जायचं, इतक्या वेळात जायचं. तो जाणारच. पडद्यावर कोणाले दम लागत नाई. माहं काम वेगळं हाय. तो जाताना मी कम्प्युटरले विचारते, बाबा, हे खरोखर करायचं असलं तर कोणत्या सांध्याले, कोणत्या क्षणाले, किती जोर लागन? तो जोर सांगते. मंग कंपनी तेवढ्या ताकदीची मोटर लावते."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, कारण मला माझी कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, आठवली. केळझरच्या अलीकडच्या नाल्यात ती गाळात बसली होती. आम्ही काय केलं? एक जोडी जुंपली. नाही निघाली. दुसरी जुंपली. नाही निघाली. तिसरी जुंपली तर निघाली, पण अशी निघाली की हाकणारा धुरकरी नाल्यात, कापूस नाल्यात आणि बंडी एकटी वर. आम्ही आधी जोर लावायचो आणि मग काय होते ते पाहायचो. ही पोरगी उलटं करते. बंडी कशी निघावी ते आधी ठरवते, सावकाश, कापूस न सांडता. मग विचारते, याला बैल किती?

मी तिला हे सांगितलं तर ती इतकी खूश झाली की म्हणाली, "आबाजी, आमच्या सरायनं हेच शिकवाले अख्खं वर्ष घेतलं होतं." आता ती म्हातारा खूश व्हावा म्हणून बोलली असेल, पण मी झालो खूश. खोटं कशाला सांगू?

तर अशी ही वेदश्री श्रावणात एक दिवस समितीच्या बैठकीत जाऊन उभी राहिली. सोबत मी होतो. देवळाच्या पारावर भैय्याजी बसलेले, बाजूला चार माणसं.

"लेकरायनं वर काऊन चढावं?" ती म्हणाली. "नंदीनंच खाली वाकावं न."

भैय्याजी हसले. "सूनबाई, तो लाकडाचा हाय."

"म्हणूनच म्हणून राह्यली. खरा असता तर त्यानं ऐकलं नसतं."

पारावर हशा पिकला. भैय्याजींनाही हसू आलं, पण त्यांनी ते मिशीत दाबलं. तिनं आपला विचार सांगितला. नंदीला हात लावायचाच नाही. तो ज्या फळीवर उभा आहे ती फळी मागच्या बाजूला बिजागरीवर बसवायची. पुढच्या बाजूला, फळीखाली, दोन मोटरीचे दांडे. दवाखान्यातला पलंग बटन दाबलं की डोक्याकडून वर येतो ना, त्याच जातीचे. दांडे आखडले की नंदी पुढं वाकणार, लेकरू जमिनीवर उभं राहून गंध लावणार. दांडे लांबले की नंदी उठणार.

भैय्याजींनी दोन अटी घातल्या. "एक, लाकडात खिळा जाणार नाई. दोन, तान्ह्या पोळ्याले लेकरायसमोर नंदी अडला, धडकला, काही झालं, तर खोलीची किल्ली माह्या करदोड्याले. मी मेल्यावरच सोडवजा."

"चालते," वेदश्री म्हणाली.

घरी येताना मी म्हणालो, "पोरी, चालते म्हणालीस, पण नाई चाललं तर?"

"तर काजलनं जन्मभर मागच्या गल्लीनं जायचं, आबाजी."

लहानूला मी घेऊन आलो. तो यायला तयार नव्हता. पण फळी बसवायची म्हटल्यावर दुसऱ्या सुताराचा हात नंदीला लागणार, हे त्याला सहन होईना. नंदी कापसाच्या काट्यावर नेऊन आम्ही त्याचं वजन केलं. मग वेदश्रीनं नंदी कम्प्युटरात उतरवला. पडद्यावर नंदी वाकायला आणि उठायला लागला तसं आमच्या माजघरात गर्दी व्हायला लागली. अन्नपूर्णा ज्याला त्याला चहा देऊन दमली.

पहिल्यांदा तिनं चाल दिली ती साधी. वाक, ऊठ. पडद्यावर नंदी टुणकन उठला आणि खाली, किती जोर लागतो ते दाखवणारी जी रेघ निघते, ती एकदम आभाळात गेली. मी म्हटलं, हे काय?

"एकदम उठाले सांगितलं न मी. एकदम म्हटलं की जोर लय लागते." तिनं अन्नपूर्णाकडं पाहिलं. "आई, दुधानं भरलेला गंज तुम्ही कसा उचलता?"

"कसा म्हणजे? हळू. अन् ठेवताना बी हळू. मधात जराशी घाई केली तरी चालते."

"बस. नंदीनं तसंच उठायचं."

तिनं चाल बदलली. सुरुवात हळू, शेवट हळू. ती आभाळातली रेघ खाली येऊन टेकडीएवढी झाली. आणि त्या दिवसापासून आमची अन्नपूर्णा शेजारणींना सांगायला लागली, "आमच्या वेदाले मी उठण्याची चाल सांगितली."

टेकडीचा माथा होता नंदी सगळ्यात खाली असतानाचा. तिथं दांडे तिरपे पडतात, त्यांचा जोर वाया जातो, म्हणून उठण्याचा पहिला क्षणच सगळ्यात अवघड. माणसाचंही तसंच आहे म्हणा, मला खाटेवरून उठताना विचारा. तिनं त्या माथ्याच्या वर थोडी जागा सोडून एक लाल रेघ मारली आणि तेवढ्या ताकदीचे दांडे नागपूरहून मागवले. लहानूनं फळी बसवली. रिकाम्या देवळासमोर आम्ही नंदी वाकवून, उठवून पाहिला. काय सांगू! लोण्यासारखा. लहानूच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यानं ते भुशाच्या नावावर खपवलं.

आणि मग पोळा आला.

इथं एक गोष्ट सांगायची राहिली, आणि घोळ नेमका असा झाला की ती आम्ही तिलाही सांगितली नव्हती. आमच्या गावात पोळ्याच्या सकाळी प्रत्येक घर आपली घुंगरमाळ नंदीच्या गळ्यात बांधते. प्रत्येक घर. पितळेच्या माळा, बापजाद्यांच्या. दिवस वर येईपर्यंत नंदीची मान माळांखाली दिसेनाशी होते. समुद्रपूरकडं तसं नाही, त्यामुळं तिला ठाऊक नव्हतं. आणि आम्हाला सांगायचं सुचलं नाही, कारण माळेला वजन असते हे आमच्यापैकी कोणाच्या मनातच आलं नव्हतं. देवाच्या गळ्यातल्या दागिन्याचं ओझं कोण धरते?

दुपारी भैय्याजी म्हणाले, उद्या लेकरं येतील, आज एकदा दाखवा. अख्खं गाव जमलेलं. वेदश्रीनं बटन दाबलं. नंदी झुलत, घुंगरं वाजवत असा ऐटीत वाकला की बायकांनी हात जोडले. तिनं दुसरं बटन दाबलं. दांडे कण्हले. बोटभर उचलला. थांबला. दांडे गप्प.

"थांबला," कोणीतरी म्हणालं.

"उपोषणाले बसला," दुसरा म्हणाला.

वेदश्री खाली वाकून पाहून आली. चेहरा उतरला होता, पण म्हणाली, "पडला नाई न? ओझं जास्त झालं तर हे दांडे जिथल्या तिथं धरून ठेवते. लेकरू समोर असतं तरी त्याले काही झालं नसतं."

भैय्याजींनी खिशातून किल्ली काढली आणि हातात धरून बसले. ते बोलण्याहून वाईट. मागं, बायकांच्या आडून काजल पाहत होती. नंदी थांबला तशी ती वळली आणि मागच्या गल्लीनं चालायला लागली.

एकानं सोपा उपाय सुचवला, थोड्या माळा काढा. मग जो कालवा झाला! कोणाच्या काढायच्या? माझी आज्याची आहे, माझी पणज्याची आहे. भैय्याजीच शेवटी म्हणाले, "नंदीच्या गळ्यातून माळ काढणं म्हणजे त्या घराले गावातून काढणं. माळ निघणार नाई. उद्या दुपारपर्यंत नंदी उठला तर उठला."

संध्याकाळी तोरणाखाली बैल आले, झडत्या सुरू झाल्या. झडत्या म्हणजे पोळ्यातली चढाओढ, एकानं चार ओळी फेकायच्या, दुसऱ्यानं तोंड द्यायचं. नंदी बाजूला वाकलेलाच. बाहेरगावचे पाहुणे, आपल्यालाच नमस्कार करतोय असं समजून, उलट नमस्कार करून जात होते. आणि कोणी तरी दांडगट गर्दीतून ओरडला,

"मोटर लावली, बटन दाबलं,
नंदी बसला, उठणं थांबलं,
शिकल्या सुनेचं गणित चुकलं,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!"

सगळा पोळा हसला. मला राग आला. वेदश्रीला नाही. ती अन्नपूर्णाला म्हणाली, "आई, गणित नाई चुकलं. विचारणं चुकलं. बाबानं मले लहानपणीच सांगितलं होतं, कोण कोण लोंबकळलं हाय ते आधी पाह्य."

अन्नपूर्णा म्हणाली, "मंग आता पाह्य. वजनकाटा आणू काय घरचा?"

सासू-सून दोघी वजनकाटा घेऊन नंदीपाशी गेल्या. माळ सोडायची नाही, फक्त हातानं उचलून काट्याच्या आकड्यात धरायची, वजन पाहायचं, परत होती तशी ठेवायची. एकेका घरची बाई पुढं होऊन आपली माळ दाखवत होती. वेदश्रीनं सगळं नंदीच्या गळ्यात, म्हणजे कम्प्युटरातल्या नंदीच्या गळ्यात, चढवलं. पडद्यावरचा नंदी उठला. मी टाळी वाजवली.

"तो उठणारच, आबाजी. रेघ पाहा."

रेघ पाहिली. टेकडीचा माथा लाल रेघेच्या वर निघून गेला होता. म्हणजे दांड्यांच्या ताकदीबाहेर. मोठे दांडे आणायला वेळ नाही. कमी वाकवावा तर लहान लेकरांचा हात पोचत नाही. ती कपाळाला हात लावून बसली. मग अंगणात आली. तिथं आमचा खरा बैल, पोळा करून आलेला, सरकी खात उभा होता. ती त्याच्याकडं पाहत राहिली. त्याच्या तोंडाकडं नाही, मागं पडलेल्या सरकीच्या पोत्याकडं.

"आबाजी, शाळेत सी-सॉ असते न? पुढचा जड झाला तर काय करते?"

"मागं एक पोरगं वाढवते."

"हाव! मागं वाढवायचं!"

आत पळाली. फळी बिजागरीच्या मागं लांब केली आणि तिच्यावर सरकीची पोती ठेवली, पडद्यावर. टेकडी खाली आली. आणखी पोतं. आणखी खाली. मग एक पोतं जास्त ठेवलं तर उलटंच झालं, नंदीला खाली वाकवायलाच जोर लागायला लागला. तिनं ते काढलं. बरोबर किती पोती, कुठं ठेवायची, हे रेघेनं सांगितलं. माथा लाल रेघेच्या खाली टेकला, आणि तरी वर थोडी जागा राहिली.

"आता सरकी कोणाची?" मी विचारलं.

अन्नपूर्णा म्हणाली, "ज्याची माळ, त्याची सरकी. त्यात काय विचारायचं?"

सकाळी गावात तेवढाच निरोप फिरला आणि माणसं घमेल्यांनी सरकी घेऊन आली. नंदीला चारा चढवायचा म्हटल्यावर कोण मागं राहील? उलट थांबवावं लागलं. एक आजीबाई चोरून आणखी एक घमेलं ओतायला आली तर वेदश्रीनं तिचे पाय धरले. "आजी, तुमच्या पाया पडते, याले आता उपाशीच राहू द्या."

फळीच्या मागं दोन सागवानी दांड्या जोडायच्या होत्या. त्यासाठी ती लहानूच्या घरी गेली, मी सोबत. लहानू दांड्या तासत होता. वेदश्री खुंटीकडं पाहत होती. खुंटीवर एक घुंगरमाळ लटकलेली, धुळीनं माखलेली.

"काका, ही माळ नंदीले बांधली नाई?"

लहानूनं मान वर केली नाही. "आमच्याच पोरीपायी नंदी कोंडला. आमची माळ कोणत्या तोंडानं बांधू?"

तिनं खुंटीवरची माळ पाहायला घेतल्यासारखी हातात घेतली, थोडी वरखाली केली आणि परत ठेवली. मला वाटलं, सहज केलं.

दुपार झाली. पताका, पिपाण्या, लेकरांचे छोटे बैल, कोणी शंकर झालेलं, कोणी शेतकरी. भैय्याजी पारावर किल्ली घेऊन. नंदी अजून वाकलेलाच. वेदश्रीनं सरकी ठेवली, बांधली, सगळ्यांना मागं सारलं आणि बटन दाबलं. दांडे कण्हले नाहीत. नंदी हळू सुरू झाला, मधे जरा लगबग केली, हळू थांबला. उभा! घुंगरं एकदाच वाजली. वर्षभराचं काही तरी माझ्या छातीवरून उतरलं. मी शेजारच्या माणसाला मिठी मारली, कोण होता तेही पाहिलं नाही. नंतर कळलं, कालचा झडतीवाला.

नंदी परत वाकला. आता पहिलं गंध कोणाचं? लेकरं पुढं होईनात. वेदश्री गर्दीतून चालत मागच्या गल्लीच्या तोंडाशी गेली. काजल तिथं आपला छोटा बैल घेऊन उभी होती. दोघी हात धरून आल्या. काजलनं जमिनीवर उभं राहून गंध लावलं, मोडलेल्या, जुळलेल्या हातानं. शिडी नाही, काही नाही.

आणि मग त्या पोरीनं झग्याच्या खिशातून ती माळ काढली. आज्याच्या खुंटीवरची. कोणी काही म्हणायच्या आत नंदीच्या गळ्यात बांधून टाकली.

सगळी सरकी मोजून ठेवलेली, टेकडी रेघेला टेकलेली, आणि ही वर आणखी एक पितळेची माळ! भैय्याजी पारावरून उठले. लहानूनं डोळे मिटले. मी वेदश्रीकडं पाहिलं. तिनं पोरीला मागं घेतलं आणि बटन दाबलं.

नंदी उठला. तस्साच. हळू, जरा लगबग, हळू.

जो आवाज झाला तो पवनारपर्यंत गेला असेल. लहानूनं डोळे उघडले तेव्हा सगळी लेकरं काजलभोवती होती, आता माझा नंबर, आता माझा नंबर म्हणत. अन्नपूर्णा पदरानं डोळे पुसत मला म्हणाली, "मामंजी, वेदानं ती माळ काल रेघेत धरलीच नव्हती न?"

"धरली होती, आई," वेदश्री म्हणाली. "काल माळा मोजताना सगळी घरं झाली, एक घर राह्यलं होतं. म्हणून वर थोडी जागा सोडली होती. अन् सकाळी खुंटीवरची माळ हातात घेऊन पाह्यली, बसते का म्हणून."

तेवढ्यात भैय्याजी आले. गर्दी आपोआप बाजूला झाली. त्यांनी हात पुढं केला, हातात किल्ली. आवाज चढवून बोलले, "सूनबाई, शर्त तर मी हरलो. आता या किल्लीचं काय करू?"

ती म्हणाली, "दाराजवळच खिळ्याले टांगा, भैय्याजी. फक्त खिळा काजलच्या हाताले पुरन इतकाच उंच ठोकजा."